सापडलेली रचना आणि निवडलेली रचना

एखाद्या संगणकभाषेत अमुक आज्ञा कशी लिहावी हा प्रश्न, आणि एखादी संगणकप्रणाली कोणत्या भागांत विभागावी, ते भाग परस्परांशी कसे बोलतील व त्यांपैकी एक मध्येच बंद पडला तर उरलेल्यांनी काय करावे हा प्रश्न, हे दोन्ही प्रश्न सॉफ्टवेअर अभियंता आज एकाच चौकटीत टाइप करतो आणि दोहोंची उत्तरे त्याला सारख्याच त्वरेने मिळतात. परंतु पहिल्या उत्तराची परीक्षा प्रोग्रॅम चालवताच होते, तर दुसऱ्याची परीक्षा होण्यास कधी कधी वर्षे लागतात, आणि ती होते तेव्हा उत्तर देणारा, किंबहुना ते स्वीकारणाराही, पुष्कळदा त्या जागेवर उरलेला नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला, म्हणजे रचनेच्या ज्ञानाला, आंतरजालावरचा शोध कितपत पुरा पडतो, याविषयी या व्यवसायात दोन मते आहेत आणि ती दोन्ही प्रामाणिक आहेत. ज्यांची हयात बँकांच्या हिशेबप्रणाली घडवण्यात गेली अशा एका मामांच्या, आणि तेच काम आज पुण्यात करणाऱ्या त्यांच्या भाचीच्या तोंडी ती येथे घातली आहेत. निमित्त एका नागरी सहकारी बँकेच्या कामाचे आहे: ग्राहकाच्या खात्यातून निघालेली रक्कम दुसऱ्या बँकेतील खात्यात पोचवायची आहे, मधली कोणतीही यंत्रणा कोणत्याही क्षणी निरुत्तर होऊ शकते, आणि तरीही पैसा ना हरवावा ना दोनदा जमा व्हावा, अशी रचना हवी आहे.

भाची : मामा, वादाला आरंभ करण्यापूर्वी शोधाने मला काय दिले त्याची यादीच तुमच्यापुढे ठेवते. दोन्ही डेटाबेसांनी एकत्रच होकार द्यावा असा टू-फेज कमिटचा मार्ग मला सापडला, आणि समन्वय करणारा भाग मध्येच बंद पडला तर दोन्ही बाजू नोंदी अडवून ताटकळत राहतात हा त्याचा दोषही त्याच बैठकीत कळला. मोठ्या व्यवहाराचे लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला त्याची उलट नोंद जोडून ठेवणारा सागा पॅटर्न सापडला. खात्यातील नोंद आणि बाहेर धाडायचा संदेश एकाच डेटाबेस-व्यवहारात लिहून ठेवणारी आउटबॉक्सची पद्धत सापडली. आणि तीच विनंती पुन्हा आली तर ती ओळखून पहिलेच उत्तर परत देता यावे म्हणून विनंतीबरोबर पाठवायच्या आयडेम्पोटन्सी कीची माहिती मिळाली. लातूरच्या वा सांगलीच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलामुलींना हे सारे पूर्वी कोणाच्या तरी हाताखाली दहा वर्षे राबल्यावर, तेही तो माणूस उदार असेल तरच, मिळत असे. ज्ञानावरची ही मक्तेदारी जालाने मोडली, हे तुम्हांला मान्य करावेच लागेल.

मामा : ते मी मनापासून मान्य करतो. परंतु तुझ्या यादीत नावे आहेत आणि नावांखालचा तपशील आहे. तुझ्या बँकेचा त्यात कोठे दाखला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शोधाची जी पद्धत १९९८ साली जगापुढे मांडली, तिचे मूलतत्त्व असे की ज्या पानाकडे अनेक महत्त्वाची पाने निर्देश करतात ते पान महत्त्वाचे. आजची शोधयंत्रे याखेरीज पुष्कळ गोष्टी जमेस धरतात, तथापि बहुमान्यतेचा हा कौल त्यांच्या मुळाशी अजून आहे. आता रचनेच्या प्रश्नात बहुमान्यता ही योग्यतेची खूण नव्हे. सागाचेच घे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ साली ती कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यापुढे मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे स्वतंत्र लहान सेवांत विभागलेल्या प्रणाली, नव्हत्या. दीर्घकाळ चालणारा व्यवहार डेटाबेसमधील नोंदी अडवून ठेवतो आणि इतरांचा खोळंबा करतो, ही त्यांची अडचण होती, आणि ती दूर करताना, टप्पे पुरे होत असता मधली अवस्था इतरांच्या दृष्टीस पडते, ही किंमत त्यांनी उघडपणे मोजली. तुझ्या बँकेत त्या मधल्या अवस्थेत एखाद्याच्या खात्यावर रक्कम जमा दिसली, त्याने ती काढून नेली आणि मागाहून व्यवहार फसला, तर तुझी उलट नोंद कोणत्या शिलकेवर पडणार? सागाची ओळख करून देणाऱ्या किती पानांनी तुला हे विचारले?

भाची : पहिल्या काही पानांनी विचारले नाही, हे खरे, परंतु त्यावरून शोध निरुपयोगी ठरत नाही, शोधणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे इतकेच ठरते. या कामात मुरलेला अभियंता पॅटर्नचे नाव टाकून थांबत नाही. ‘मधली अवस्था दिसते’, ‘उलट नोंद अशक्य’, ‘कधी वापरू नये’, अशा अडचणीच्या आणि मर्यादेच्या शब्दांनी तो शोधतो. लिहिण्याची तारीख पाहतो. लिहिणारा स्वतःचे उत्पादन विकावयास बसला आहे की स्वतः चालवलेल्या प्रणालीविषयी साक्ष देत आहे, हे पारखतो. आणि जेथून कल्पना निघाली त्या मूळ निबंधापर्यंत मागे जातो. तुम्ही सांगितलेला १९८७चा निबंधसुद्धा आज घरबसल्या वाचावयास मिळतो. आणि मामा, जालाचा जन्मच याच गरजेतून झाला आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपला प्रस्ताव लिहिला, त्याचे कारण हेच होते की तेथे माणसे थोडी वर्षे राहून निघून जात, आणि कोणता भाग कोठे वापरला आहे, तो कोणी लिहिला, अमुक गोष्ट अशीच का केली, ही माहिती त्यांच्याबरोबर नाहीशी होई. हरवणारे रचनाज्ञान राखून ठेवण्यासाठी जे साधन निर्माण झाले, त्याच ज्ञानासाठी त्याच्याकडे जाण्यात गैर ते काय?

मामा : गैर काहीच नाही, मात्र ज्ञान कागदावर असणे आणि ते हाती येणे यांत किती अंतर असते, ते एका दुर्घटनेच्या आधारे सांगतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ हा अग्निबाण प्रथमच उडाला आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचा आकाशातच विध्वंस झाला. दिशा आणि गती मोजणाऱ्या त्याच्या प्रणालीतील सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते, आणि तेथे ते निर्दोष चाललेले होते. त्यात ६४ बिटांची एक अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याची एक पायरी होती. नव्या बाणाचा आडवा वेग जुन्याहून फार लवकर वाढत असल्याने ती संख्या त्या मापात मावली नाही, आणि मुख्य व पर्यायी अशा दोन्ही यंत्रांत एकच सॉफ्टवेअर असल्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडली. चौकशी समितीला असे आढळले की धोका संभवणाऱ्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि तीन संख्यांना हेतुपुरस्सर दिले नव्हते, कारण संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा होता आणि एरियान ४ च्या मार्गावर त्या संख्या तेवढ्या वाढणारच नाहीत असा हिशेब होता. हा निर्णय सर्वांच्या संमतीने झालेला होता. परंतु त्याचे समर्थन प्रत्यक्ष कोडमध्ये कोठेही नव्हते, आणि कागदपत्रांच्या राशीत ते असे दडून गेले की बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेस पडू नये. उत्तर बरोबर होते, ते सापडले, ते वापरले गेले. ज्या अटीवर ते बरोबर होते ती अट तेवढी मागे राहिली. तुझ्या शोधात उत्तरे येतात. अटी येतात काय?

भाची : हा दाखला माझ्याही बाजूने बोलतो, मामा. त्या अभियंत्यांचे नुकसान शोधाने केले नाही, शोधता न येण्याने केले. जी कैफियत दप्तरात पडून राहिली ती एका प्रश्नासरशी समोर आली असती तर कोणीतरी थांबला असता. आणि तुम्हांला या समितीचे निष्कर्ष इतक्या बारकाईने ठाऊक आहेत, कारण झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीचा अहवाल प्रकट झाला आणि जालावर सर्वांना खुला राहिला. पाठ्यपुस्तके बहुधा यशस्वी रचना शिकवतात; प्रणाली कशी कोसळली, कोणते गृहीत फसले, याचे जबाब मला जालावरच वाचावयास मिळतात.

मामा : मिळतात, परंतु नव्या-जुन्याची गल्लत होऊन मिळतात. जावा भाषेत एखादी वस्तू एकदाच निर्माण व्हावी म्हणून ‘डबल-चेक्ड लॉकिंग’ नावाची युक्ती लेखांतून आणि पुस्तकांतून प्रसिद्ध झाली होती. पुढे जाणत्यांनी दाखवून दिले की त्या भाषेच्या तेव्हाच्या स्मृतिनियमांप्रमाणे ती विश्वसनीय नाही, अर्धवट घडलेली वस्तू दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडू शकते. नंतर २००४ साली जावा ५ मध्ये ते नियमच सुधारले गेले आणि संबंधित चल ‘व्होलटाइल’ म्हणून घोषित केल्यास तीच युक्ती बिनधोक झाली. म्हणजे ‘वापरा’, ‘मुळीच वापरू नका’ आणि ‘या अटीवर वापरा’ अशी तीन उत्तरे आपापल्या काळी लिहिली गेली, आणि आज ती शेजारी शेजारी उभी असतात. नवख्याने कोणते खरे मानावे? आणि हा तर एका भाषेचा लहानसा नियम झाला. आख्ख्या प्रणालीच्या विभागणीविषयी काय बोलावे! ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यातून धडा घेऊन त्यांनी आपली प्रणाली लहान लहान सेवांत विभागून भाड्याच्या सर्व्हरांवर नेली आणि ते स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पुरे केले. सात वर्षांचा हा उद्योग जगभर पसरलेल्या ग्राहकांसाठी होता. तुझ्या सहकारी बँकेच्या मोजक्या शाखांना त्याच विभागणीची शिफारस करणे म्हणजे दुसऱ्याची नाडी पाहून लिहिलेले औषध आपल्या रोग्याला देणे होय.

भाची : या प्रकरणात जालाने दुसरी बाजू दडवून ठेवली आहे असे तर नाही ना? जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी २०१४ साली मायक्रोसर्व्हिसेसचे सविस्तर वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१५ साली, त्याच फाउलर यांनी, नव्या कामाचा आरंभ एकसंध प्रणालीनेच करणे बहुधा हिताचे, असे स्पष्ट लिहिले. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील एका तुकडीने २०२३ साली जाहीरपणे सांगितले की चित्र-ध्वनीची गुणवत्ता तपासणारी आपली एक सेवा विखुरलेल्या घटकांतून काढून एकाच प्रक्रियेत आणल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. वादी आणि प्रतिवादी दोघेही हजर आहेत. वाचणारा एकाचीच साक्ष घेऊन निकाल देतो, यात दोष न्यायासनाचा आहे.

मामा : उत्तम बोललीस, परंतु मग न्यायासनावर बसण्याची पात्रता कोठून आणायची? डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९८५ साली एक विचार मांडला, त्याचा सारांश असा की प्रोग्रॅम रचणे म्हणजे मनात एक उपपत्ती घडवणे होय. जगातील व्यवहार आणि प्रोग्रॅमचे भाग यांचा संबंध काय, एखादा भाग असाच का आहे, बदलाची मागणी आली तर तो कोठे आणि कसा करावा, हे ज्याच्या मनात आहे तोच त्या प्रोग्रॅमचा जाणता, आणि हे जाणतेपण कोड व कागदपत्रे यांत पूर्णपणे उतरत नाही. ही गोष्ट खरी असेल तर तू ज्याचा शोध घेतेस त्याचा सर्वांत मोलाचा अंश जालावर नाहीच, तो ज्याने ती प्रणाली घडवली त्या माणसाच्या मनात आहे. मी माझ्या वरिष्ठांकडून जे शिकलो ते त्यांच्या नकाशांतून फारसे शिकलो नाही. ‘हा मार्ग का सोडला’ या प्रश्नाला ते जे उत्तर देत त्यातून शिकलो.

भाची : ते मला पटते, आणि माझ्या स्वतःच्या कामातही त्याचा प्रत्यय येतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये रचनेची जी पद्धत सिद्ध झाली तीत क्रम ठरलेला आहे: प्रथम प्रणालीकडून अपेक्षित गुण ठरवावेत, मग त्यांना पोषक अशा कल्पना गोळा कराव्यात, मग त्यांतून निवड करावी, आणि मग निवडलेल्या कल्पनांना प्रत्यक्ष घटकांचे रूप देऊन त्यांच्या जबाबदाऱ्या वाटून द्याव्यात. कल्पना गोळा करण्यात शोधाला तोड नाही. निवडीत तो अर्धी मदत करतो, कारण तुलना करणारा आपल्या परिस्थितीत तुलना करतो, माझ्या नव्हे. आणि शेवटच्या पायरीवर तो जवळजवळ मूक होतो, कारण तेथे माझी खाती, माझे सर्व्हर आणि माझी माणसे यांचा प्रश्न असतो. पहिल्या पायरीविषयी तर बोलायलाच नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने पाठवलेली रक्कम एका खात्यातून वजा होऊन दुसऱ्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हावी लागते आणि पुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझ्या रचनेतील उलट नोंदीला किती अवधी आहे, हे या हुकुमाने ठरते. सागाचे कोणतेही वर्णन ते मला सांगणार नाही. म्हणून मी आता आधी आपल्या अटी लिहिते आणि मग त्या अटींच्या शब्दांनी शोधते.

मामा : येथे आपण बरेच जवळ आलो. मात्र नव्या पिढीत तर पानेही वाचली जात नाहीत, असे ऐकतो; यंत्राला प्रश्न करावा आणि त्याने एकच सुबक उत्तर रचून द्यावे.

भाची : होय, आणि त्याची चिंता मला तुमच्याइतकीच वाटते. पानाला निदान लेखक असतो, तारीख असते, त्याने कोणत्या प्रणालीवर हे अनुभवले याचा काही मागमूस असतो. दहा पानांचे मिश्रण करून दिलेल्या उत्तरात साक्षीदारच उरत नाही, मग उलटतपासणी कोणाची घ्यावी? पर्यायांची नावे कळावीत, आपल्या मसुद्यातील उणीव दिसावी, इतपत ते साहाय्य मी घेते. परंतु ज्या विधानावर पैशाचा व्यवहार उभा राहणार आहे, ते मूळ लेखात वा अधिकृत दस्तऐवजात डोळ्यांनी पाहिल्याखेरीज स्वीकारीत नाही.

मामा : तर मग आता उरला तो लिहिणाऱ्यांचा धर्म. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुकाराने १९७७ साली सहकाऱ्यांसह घरांचे आणि नगरांचे २५३ पॅटर्न ग्रंथित केले, तेव्हा प्रत्येक पॅटर्न कोणत्या परिस्थितीत लागू पडतो आणि कोणत्या विरोधी ओढींतून निघतो हे सांगण्याचा कटाक्ष ठेवला. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती रीत उचलली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये जगातील पहिले विकी सुरू केले तेही प्रोग्रॅमरांनी आपले पॅटर्न एकत्र लिहावेत म्हणूनच. एरिक गामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या १९९४च्या ग्रंथातील २३ पॅटर्नांपैकी प्रत्येकात तो कोठे लागू पडतो आणि त्याचे परिणाम काय, असे स्वतंत्र विभाग आहेत. नक्कल करणाऱ्यांनी आकृती आणि कोड तेवढे उचलले, आणि हे दोन विभाग गाळले. ज्ञानाची हानी तेथे झाली.

भाची : आणि ती भरून काढण्याचा उपायही हाताशी आहे. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली सुचवले की प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाची एखाद-दोन पानांची टिपणी कोडच्या शेजारीच ठेवावी: परिस्थिती काय होती, निर्णय काय घेतला, तो आज चालू आहे की रद्द झाला, आणि त्याचे बरेवाईट परिणाम कोणते. निर्णय बदलला तरी जुनी टिपणी खोडायची नाही. तिच्यावर ‘आता अमुक निर्णय लागू’ असा शेरा मारायचा. रोजकीर्दीतील चुकीची नोंद खरवडून न काढता दुरुस्तीची नोंद घालण्याची शिस्त ज्यांनी बँकेत पाळली, त्यांना हे नवे वाटू नये.

मामा : नवे मुळीच वाटत नाही, उलट एरियानच्या त्या तीन संख्यांशेजारी असा एक कागद असता तर, असे मनात येते.

येथवर दोघांचे म्हणणे ऐकल्यावर निवाडा देणे कठीण नाही. शोध ही विद्येची चोरवाट आहे, हा जुन्या पिढीतील काहींचा समज टिकणारा नाही. ज्या देशातील बहुसंख्य अभियंत्यांना जाणत्या गुरूचा सहवास लाभत नाही, तेथे खुले निबंध, खुले अहवाल आणि परक्यांनी प्रांजळपणे लिहिलेले अनुभव हेच त्यांचे गुरुकुल आहे. परंतु सापडलेली रचना आणि निवडलेली रचना या एक नव्हेत, हे मामांचे म्हणणे अधिक मूलगामी आहे, आणि भाचीने आपल्या आचरणानेच ते मान्य केले आहे. रचनेच्या ज्ञानात उत्तर हा अर्धा भाग आहे. ते कोणत्या अटींवर खरे, कोणत्या काळी खरे, आणि त्यासाठी कशावर पाणी सोडावे लागले, हा उरलेला अर्धा भाग आहे. शोधयंत्र पहिला अर्धा विपुल देते, कारण लोक तोच लिहितात. दुसरा अर्धा ते पुष्कळदा देऊ शकत नाही, कारण तो बहुधा लिहिला गेलेला नसतो.

म्हणून या व्यवसायातील वाचकांना एक विनंती आहे. दुसऱ्याची रचना स्वीकारण्यापूर्वी तिच्या अटी शोधा, त्या न सापडल्यास ती रचना अपुरी समजा. आणि स्वतः घेतलेल्या प्रत्येक मोठ्या निर्णयाची कैफियत, टाकून दिलेल्या पर्यायांसह, तारीख घालून, कोडशेजारी ठेवा. मालकाचे गुपित न फोडता त्यातील जेवढे प्रकट करता येईल तेवढे प्रकट करा, आणि वर्षभराने त्या निर्णयाचे काय झाले, तेही त्याच कागदाखाली लिहा.